आधी हरवलेली सांगा

बाईंकडे शाळेचा अहवाल मागितला की त्या आधी विचारायच्या, "कुठला देऊ? हरवलेल्यांचा का उरलेल्यांचा?"

मला त्यांनी हे पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी त्यांच्या शाळेत खिडकीच्या कट्ट्यावर लॅपटॉप ठेवून घाम पुसत उभी होते. बारामतीहून एसटीनं लासुर्ण्याला उतरून पुढे दुधाच्या टेम्पोत बसून आले होते, आणि परतीची गाडी चुकवायची नव्हती. म्हटलं, "बाई, मुलं किती, शिकली काय, पुढच्या वर्षी काय करणार, एवढं सांगा. शेवटी एखादी यशोगाथा."

"यशोगाथा म्हंजी?"

"म्हणजे तुमच्यामुळे पुढे गेलेलं एखादं मूल."

बाजारात पाणी मारून ताजी केलेली मेथी बायका जशी बघतात, तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "ती तुमी लिवा. यश सांगाया आमच्यात निवडणुकीला उभी ऱ्हाणारी माणसं हायत. मी हरवलेली सांगती. बस, बारामती."

बारामती म्हणजे मी. बाई माणसांना गावाच्या नावानं हाक मारत. सणसरहून येणारा गणिताचा तरुण शिक्षक 'सणसर', पोषण आहार शिजवणाऱ्या काकू 'काटेवाडी', कारण त्यांचं माहेर तिकडचं. एकदा शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला आले, त्यांना "या इंदापूर, पाणी घ्या," म्हणाल्या. साहेबांनी पाणी घेतलं. बाईंसमोर बहुतेक लोक काही बोलत नसत.

माझं काम साधं होतं. बारामतीतल्या एका छोट्या संस्थेत मी होते. लोकांनी चालवलेल्या लहान शाळांना आम्ही पुस्तकं आणि शिक्षक पुरवायचो. त्यासाठी अट एकच. शाळेनं वर्षातून एकदा आपलं काम गावापुढे उघड मांडायचं. ते घडवून आणायचं आणि नंतर लिहून काढायचं, ही जबाबदारी माझी. बहुतेक शाळांत ते कसं होतं हे सांगायला नको. फ्लेक्स, नारळ, स्वागतगीत, पाहुण्यांचं भाषण, सगळं उत्तम चाललंय अशी घोषणा, चहा. मी दुपारी जाऊन संध्याकाळच्या आत घरी येत असे. माझी तक्रार नव्हती.

बाईंच्या शाळेनं ती सोय बंद केली.

शाळा भरायची दुधाच्या जुन्या संकलन केंद्रात. डेअरी रस्त्याच्या पलीकडे नव्या इमारतीत गेली आणि ही जुनी गावाच्या ताब्यात रिकामी पडून होती. आत छातीपर्यंत पांढऱ्या फरशा. बाईंनी फळा घेतलाच नाही. मुलं स्केचपेननं थेट फरशीवर लिहायची. प्रत्येकाच्या वाट्याला आपापल्या उंचीच्या फरशा आणि एक ओलं फडकं. चुकलं की पुसायचं. बाई दारात उभ्या राहिल्या की अख्ख्या वर्गाला काय येतंय आणि काय येत नाही ते चारी भिंतींवर दिसायचं. पावसाळ्यात भिंतींना अजूनही दुधाचा आंबूस वास येई. मुलांना त्याचं काही वाटत नसे. मी मात्र डबा बाहेर बसून खायचे.

बाई मूळच्या मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. त्यांच्या वडिलांनी मेंढरं विकून कालव्याकाठी भाजीपाला धरला, आणि बाई शिकून जिल्हा परिषदेच्या शाळेत लागल्या. नोकरीभर मुलांना पुस्तकी मराठी शिकवली आणि निवृत्त झाल्या त्या दिवशी ती शाळेच्या कपाटात ठेवून किल्ली मुख्याध्यापकांना दिली, असं त्या स्वतः सांगत. त्यांच्या मोपेडच्या सीटवर उन्हाळा असो की थंडी, घोंगडीची घडी. पुढे आडवी काठी. शाळेला घंटा नव्हती. बाई जिभेनं टाळूवर एक आवाज काढत, आजोबा मेंढरांना बोलवायचे तोच, आणि चिंचेखालून, कालव्याच्या भरावावरून पोरं पळत सुटायची. मी तो आवाज घरी आरशासमोर काढून बघितला आहे. येत नाही.

हजेरीसुद्धा त्या मोजून घेत नसत. दारात उभं राहायचं, एकदा डावीकडून उजवीकडे नजर फिरवायची आणि म्हणायचं, "थोरल्या बनसोड्याचा न्हाय आला." कॅटलॉग नंतर भरायचा. मी विचारलं, कसं कळतं? म्हणाल्या, "मोजलं की आकडा कळतो. बघितलं की कोण न्हाय ते कळतं."

'अहवाल' हा शब्द त्यांना आवडत नसे. त्या म्हणत 'जाब'. आपल्याकडे जाब विचारतात, बहुतेक वेळा आवाज चढवून. बाई कोणी विचारायच्या आत तो द्यायला उभ्या राहत. आणि द्यायची रीत त्यांच्या आजोबांची होती.

आजोबा स्वतःबरोबर गावातल्या लोकांचीही मेंढरं राखायला न्यायचे. दिवाळीनंतर कळप कोकणाकडे उतरायचा आणि पावसाच्या तोंडावर परत यायचा. आला की गावाबाहेर सगळे मालक जमत. आजोबा कळपापुढे उभे राहत आणि जे परत आलं नाही ते आधी सांगत. कुणाचं मेंढरू कुठल्या घाटात गेलं, कशानं गेलं, त्यात आपली चूक काय. कळप मागे बें बें करत उभा असायचा, पण त्याच्याकडे वळून बघायचं नाही. सगळं सांगून झालं की बाजूला व्हायचं आणि म्हणायचं, आता उरलेली बघा.

"उरलेली सांगाय लागत न्हाईत गं," बाई मला म्हणाल्या होत्या. "ती दिसत्यातच की."

शाळेचा जाब उन्हाळ्यात, बाजारच्या दिवशी, चारच्या सुमाराला. त्या वेळी भाजी विकून माणसं मोकळी झालेली असतात आणि घरी जायच्या वाटेवर शाळा लागते. मंडप नाही, खुर्च्या नाहीत. इमारतीसमोरच्या लिंबाखाली दुधाचे कॅन उतरवायचा जुना ओटा होता, त्यावर बाई उभ्या राहत. भोंगा एका फळवाल्याच्या टेम्पोचा. त्यात त्याची जाहिरात भरलेली असायची आणि बटण जरा ढिलं होतं. त्यामुळे मुलांना भागाकार का येत नाही हे बाई सांगत असताना मध्येच "साखरेवानी गोड कलिंगाड!" असं ओरडून जायचं. लोक हसायचे. बाई थांबायच्या, कलिंगडाला बोलू द्यायच्या आणि पुढचं वाक्य घ्यायच्या.

जाब संपला की गावानं हात वर करून ठरवायचं, इमारत आणखी एक वर्ष शाळेला द्यायची की नाही. कागदपत्र काही नाही. इमारत देताना गावानं घातलेली हीच अट होती. हात वर झाले तर शाळा, नाही झाले तर फरशा पुसून किल्ली परत. आणि इमारत नसेल तर आमची संस्थाही पुढे मदत करणार नव्हती, हे मीच त्यांना कळवलं होतं.

आता तात्यांविषयी. तात्या म्हणजे गावातलं वजनदार माणूस. ऊस, द्राक्ष, दोन ट्रॅक्टर, गोठ्यात जनावरं. माणूस वाईट नव्हता. भडक होता, आणि त्यांच्या पुतण्याला खतं-औषधांचं दुकान काढायला रस्त्यालगतची जागा हवी होती. शाळेची इमारत बरोबर रस्त्यालगत होती.

या तात्यांनीच मागच्या जाबाच्या वेळी उठून जाहीर केलं होतं, "पोरींच्या संडासाला दार न्हाय म्हणं. दार माझ्याकडनं!" टाळ्या झाल्या. त्यांनी शब्द पाळला, अगदी अर्धा. कळंबच्या वेल्डरकडून पत्र्याचं भक्कम दार करून घेतलं, निळा रंग दिला, वर पांढऱ्या अक्षरांत 'शाळेस सप्रेम भेट' आणि खाली स्वतःचं नाव. दार ट्रॅक्टरमधून आलं ते आधी त्यांच्या घरी उतरलं. गवंडी मिळेना. मधल्या काळात गाय व्याली, कालवडीला आडोसा हवा होता. दार गोठ्याच्या तोंडाला लावलं गेलं आणि तिथंच राहिलं. रस्त्यानं जाणारा प्रत्येक माणूस 'शाळेस सप्रेम भेट' वाचायचा आणि वरून कालवडीचं तोंड बघायचा.

मी ते बघितलं तेव्हा मला राग आला. मी बाईंना म्हटलं, "सरळ जाऊन मागा की! हवं तर मी येते."

बाई मोपेडला किक मारत होत्या. म्हणाल्या, "अजून मला हक्क न्हाय."

"हक्क कसला? दार शाळेचं आहे. नाव लिहिलंय त्यावर."

"नाव हाय. हक्क न्हाय. बस मागं."

एवढंच. बाईंच्या डोक्यात काय चाललंय हे त्या अर्धंच सांगत आणि उरलेलं मोपेडच्या आवाजात जाई. संडासाच्या तोंडाला त्यांनी आपली दुसरी घोंगडी अडकवून दिली आणि तो विषय संपवला. मला वाटलं, संपवला.

ज्या वर्षाचं सांगते आहे त्या वर्षी दिवाळीनंतर काजल शाळेत यायची थांबली.

काजल सातवीतली. शाळेतली सगळ्यात चांगली वाचणारी पोर. लहान मुलांना गोष्ट वाचून दाखवायची ती, आणि वाचताना मध्येच थांबून "आता काय व्हईल सांगा," असं दरडावून विचारायची. हे तिनं बाईंकडून उचललं होतं. बाई तिच्या घरी जाऊन आल्या. आई म्हणाली, घरी काम आहे. काजल घागर घेऊन बाहेर निघून गेली. ती पेरूच्या बागेत तोडणीला जायला लागली. शेवटी तिच्या धाकट्या भावानं फरशीवर बेरीज करता करता गणिताच्या सणसरला सांगितलं, "ताईला घोंगडं नको वाटतं. वारं आलं की उडतंय."

त्या दिवशी बाई मधल्या सुट्टीत एकट्याच ओट्यावर बसून होत्या. मी गेले तर म्हणाल्या, "बारामती, ही यंदाची पयली."

मला समजलं. जाबात पहिली सांगायची ती.

मी समजावलं. माझं कामच ते होतं. तात्यांनी गावात फिरून माणसं जमवायला सुरुवात केली होती, हे मला पोषण आहाराच्या काकूंनी सांगितलं होतं. "शाळा चालंना झालीया, जागा तरी कामाला येऊ दे," असं ते पारावर बोलत होते. मी म्हटलं, "बाई, या वर्षी क्रम बदलू. आधी चांगलं सांगा. पाचवीची मुलं फवारणीच्या बाटलीवरचं लेबल वाचून पंपाला किती औषध घालायचं ते सांगतात, हे सांगा. लोकांना ते पटतं. मग हात वर करून घेऊ. हरवलेली शेवटी सांगा."

"हात वर झाल्याव?"

"हो."

"मग त्याला जाब म्हणतील का चकवा?"

मी म्हटलं, "शाळा जाईल, बाई."

"जाईल की." असं म्हणून त्यांनी बिनसाखरेच्या चहाचा घोट घेतला. सगळीकडे ऊस असलेल्या मुलखात राहून ही बाई चहात साखर घालत नव्हती, यावरूनच मी ओळखायला हवं होतं की त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

जाबाच्या दिवशी मी दुपारीच पोचले. नेहमीपेक्षा गर्दी होती. तात्यांची माणसं पुढे, मोटारसायकलींवर एक पाय टेकवून. बायका लिंबाच्या पलीकडे, पिशव्या मांडीवर घेऊन. मागे काजलची आई आणि तिच्या आडोशाला काजल. मी फळवाल्याला बजावून सांगितलं होतं की आज बटण घट्ट चिकटपट्टीनं बांध. त्यानं बांधलं होतं.

बाई ओट्यावर चढल्या. काठी खाली टेकवली.

"यंदा तीन हरवली," त्या म्हणाल्या. "सांगती."

पहिलं, सातवीची काजल. "पोरींच्या संडासाला दार न्हवतं. मी घोंगडं अडकावलं आन् भागलं म्हणून गप बसले. मोठ्या पोरीला त्याची लाज वाटंल, हे मला बाईमाणूस असून कळलं न्हाय. पोर गेली. चूक माझी." दारावर बोट नाही, तात्यांवर बोट नाही. मी गर्दीकडे बघत होते. तात्या आपल्या मिशीकडे बघत होते.

दुसरा, ऊसतोडीला आईबापाबरोबर गेलेला एक मुलगा. जिथं गेला तिथल्या शाळेला बाईंनी कळवायचं होतं, ते राहिलं. पोर हंगामभर फडात राहिलं. तिसरं, सहावीची सगळी मुलं आणि अपूर्णांक. "अर्धा लिटर, पाव लिटर कळतंय. पण अर्ध्यात पाव मिळिवला की सगळ्यांची दांडी गुल. वरीसभर शिकवलं, आलं न्हाय. शिकवायची रीत माझी चुकली, पोरांची डोकी न्हाय."

मग त्या एका बाजूला झाल्या. "आता उरलेली बघा."

मागे मुलं उभी होती, शांत, चेहरे धुऊन. त्यांनी आमच्याकडे बघितलं, आम्ही त्यांच्याकडे.

तात्या उठलेच. "ऐकलं का मंडळी? बाईनी सोताच्या तोंडानं सांगितलं. पोरी जात्यात, पोरांना गणित येत न्हाय. माझ्या मनात काय न्हाय, पन मग जागा आडवून ठिवायची कशापायी? चला, हात वर करा. शाळा ऱ्हावी म्हणणारे..."

"थांबा, तात्या," बाई म्हणाल्या. "माझा जाब झाला. आता मालकांचा."

तात्यांचा हात हवेत राहिला. "कुठल्या मालकांचा?"

"लेकरं कुणाची? तुमची. मग मालक तुमी. आमच्या आज्याच्यात मेंढक्याचा जाब झाला की मालक उभं ऱ्हायचं. मालकानं मीठ किती दिलं, कुत्रं दिलं का, पावसाचं कापड कबूल केलं ते धाडलं का, ह्ये मालकानं सांगायचं. मेंढक्यानं इचारायचं न्हाय. नुस्तं उभं ऱ्हायचं."

"ह्ये कधी व्हतं?" तात्यांच्या पुतण्यानं मोटारसायकलीवरूनच विचारलं. "इतकी वर्षं न्हाय केलं ते?"

"नव्या मेंढक्याला हक्क नसतो बाबा. त्यानं पयली काय वर्षं नुस्ता आपलाच जाब द्यायचा, खरा. मंग मालकाला उभं कराय मिळतं." बाईंनी काठी ओट्यावर आपटली. "माझी वर्षं भरली यंदा."

वर्षभर ज्या हक्कावर मी बाईंशी डोकं फोडत होते तो हा होता. आणि त्यांनी तो मला सांगितला नव्हता!

गर्दीत कुजबुज झाली. मग लिंबाच्या बुंध्याला टेकून बसलेले एक म्हातारे आबा, उभ्या आयुष्यात मेंढरं राखलेले, खाकरून म्हणाले, "खरं हाय. माझ्या बापानं मालकाला उभं केलेलं मी बघितलंय. त्यो मालक रडला व्हता."

कोणीतरी म्हणालं, "आबा, रडला का कुत्रं दिलं?"

"आधी रडला. मंग कुत्रं दिलं."

हशा पिकला आणि त्या हशातच बायकांच्या बाजूनं काजलची आई उभी राहिली. तिनं पदर तोंडावर धरला होता, पण आवाज लांबपर्यंत गेला. "मी बी सांगती. पोर का जात न्हाय, ते मी इचारलंच न्हाय. पेरूला हात मिळाला, म्हणून गप बसले. ह्यो माझा जाब." आणि पटकन खाली बसली.

आणि मग सुरूच झालं! एकानं सांगितलं, द्राक्षाच्या विरळणीला पोराला नेलं आणि ताप आलाय अशी चिठ्ठी दिली. त्याचा पोरगा मागून ओरडला, "चिठ्ठी मलाच लिवायला लावली व्हती!" कोणी म्हणालं, शाळेच्या टाकीचं पाणी आम्हीच म्हशींना घेतलं. कोणी म्हणालं, तो नाही, मीच जास्त घेतलं. दोघं भांडायला उठले, आपलाच दोष मोठा म्हणून. एक बाई म्हणाली, "मी पोरीला पाढं म्हणू दिलं न्हाईत, टीव्ही ऐकू येत न्हवता." फळवाला टेम्पोवर चढून म्हणाला, "आन् म्या कलिंगाड म्हणून लेकरांच्या शाळेची येळ खाल्ली." मी आयुष्यात इतक्या सभा घडवून आणल्या, पण लोक बोलायला रांग लावतात हे पहिल्यांदा बघत होते. लॅपटॉप मी पिशवीत ठेवला.

बाई काही विचारत नव्हत्या. नुसत्या उभ्या होत्या.

हळूहळू सगळे बोलून संपले आणि सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. तात्या अजून उभेच होते. बसले असते तर बसले असं दिसलं असतं, आणि उभे असल्यामुळे बोलायची पाळी आली होती.

बायकांच्या बाजूनं त्यांच्या मालकीणबाई, वत्सलाकाकू, न उठता म्हणाल्या, "बोला की आता. का कालवड मीच बाहीर काढू?"

तात्यांनी टोपी काढली, परत घातली. "शाळंचं दार माझ्या गोठ्यात हाय."

"त्ये तर समद्या गावाला ठावं हाय, तात्या!" मोटारसायकलींकडून कोणीतरी ओरडलं. त्यांच्याच माणसांतलं.

तात्या गर्रकन वळले. "ठावं हाय, तर वरीसभर कुणी बोललं का? आं? रोज वाचत जात व्हता नव्हं येता-जाता? ठावं असलं म्हणून काय झालं, सांगावं लागतं! मी सांगतोय!" त्यांचा चेहरा लाल झाला होता. "दार मी कबूल केलं, केलं बी, आन् जनावराला लावलं. पोर त्यापायी गेली. झाला माझा जाब. चला आता, नुस्तं काय उभं ऱ्हायलाय? पाना कुणाकडं हाय?"

पुढच्या धावपळीचं काय सांगू. अख्खा बाजार तात्यांच्या गोठ्याकडे निघाला. कळंबचा तोच वेल्डर मिरची घेऊन घरी निघाला होता, त्याला पिशवीसकट धरून आणलं. दार निघालं तशी कालवड मोकळी सुटून शेजारच्या उसात घुसली. निम्मी पोरं तिच्या मागे. बाईंनी जिभेनं तो आवाज काढला तर पोरं परत आली, कालवड नाही आली. दार आठ-दहा जणांनी खांद्यावर घेतलं, पुढचा कोपरा तात्यांनी. खालच्या बाजूला शेण लागलेलं, ते वत्सलाकाकूंनी चालता चालता पदरानं नाही, तात्यांच्या उपरण्यानं पुसलं.

मी बाईंच्या बाजूनं चालत होते. म्हटलं, "बाई, हात वर करायचं राहिलं."

ते तात्यांनी ऐकलं. दाराखालून ओरडले, "ओ मॅडम, कुणाचा हात रिकामा दिसतोय का तुमाला? जागा शाळंचीच हाय. लिवून घ्या." पुतण्या मागचा कोपरा धरून चालला होता. त्यानं ऐकलं आणि खांदा बदलला.

त्या वर्षीचा अहवाल मी बाईंच्या क्रमानं लिहिला. हरवलेली आधी, मालकांचा जाब नंतर, उरलेली शेवटी, आणि यशोगाथा नाही. वरिष्ठांनी बोलावून विचारलं, हे असं छापायचं? मी म्हटलं, छापायचं. दुसरा लिहून मिळणार नाही. छापला. त्यानंतर इतर शाळांना मी नारळ आणायला सांगायचं बंद केलं. काहींना आवडलं, काहींनी माझ्याविषयी तक्रारी केल्या. पुढे मी ती संस्था सोडली. बाईंच्या जाबाला मात्र अजून जाते, आपल्या पैशानं, एसटीनं. सहावीचे अपूर्णांक आता येतात. तरी दर वर्षी कुणीतरी हरवलेलं असतंच, आणि बाई तेच आधी सांगतात.

पण त्या संध्याकाळी बिजागऱ्या बसेपर्यंत ऊन पार उतरलं होतं. वेल्डरनं कडी ठोकली, दोनदा दार उघडून लावून बघितलं आणि मोठेपणानं बाजूला झाला. तात्या पुढे होऊन काहीतरी बोलणार होते. बाईंनी काठी आडवी धरली.

"तुमी न्हाय. तिला बघू द्या."

काजल गर्दीतून आली. तिनं दार वरपासून खालपर्यंत बघितलं, तात्यांचं नाव वाचलं, बोटानं कडी हलवून बघितली. मग आत गेली आणि दार लावलं. बाहेर अख्खं गाव उभं. पुरुषांना अचानक कुठं बघावं कळेना. कोणी कालव्याकडे बघितलं, कोणी चपलेकडे. लांब उसात कालवड हंबरत होती.

आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

बाईंनी विचारलं, "लागली का गं?"

"लागली," काजल आतून म्हणाली. थोडं थांबून, वर्गात लहान मुलांना दरडावायची त्याच आवाजात म्हणाली, "आता सगळ्यांनी लांब व्हा की!"

आणि सगळं गाव, तात्यांसकट, लांब झालं.